सार्वत्रिक आरोग्यसेवा, थायलंडमधील

सार्वत्रिक आरोग्यसेवा, थायलंडमधील : कोणत्याही नागरिकास, त्याची ऐपत न पाहता, आवश्यक ते उपचार सरकारी खजिन्यातून मिळावेत आणि दवाखान्याच्या खर्चापायी त्याची जमीन गहाण पडू नये, अशी व्यवस्था. १९९७ च्या आर्थिक अरिष्टातून देश पुरता सावरलेलाही नसताना, २००१-०२ मध्ये ती लागू झाली. म्हणूनच तेथे कोणते पाऊल आधी पडले आणि कोणते मागाहून, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे.

आधी पडले ते डॉक्टर आणि इमारतींचे पाऊल. नव्या डॉक्टरांस तीन वर्षांची सरकारी सेवा १९७२ पासून सक्तीची झाली, तिचा बराचसा भाग खेड्यापाड्यांच्या वाट्यास आला. गरिबांसाठी मोफत उपचारांची योजना १९७५ मध्ये निघाली. आणि १९८२ ते १९८६ या काळात शहरी रुग्णालयांच्या विस्ताराची तरतूद रोखून तो पैसा आपल्या तालुक्यांसारख्या विभागांतील छोट्या रुग्णालयांकडे वळविण्यात आला. शहराची मागणी नाकारण्यास जे धैर्य लागते, तेच या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटते. तरीही शतकाच्या अखेरीस सुमारे तीस टक्के लोक कोणत्याच योजनेत नव्हते.

सिसाकेत प्रांतातील रासी सलाईच्या ग्रामीण रुग्णालयात उमेदवारीची वर्षे घालविलेले डॉ. सांगुआन नित्यारम्फोंग यांनी या उरलेल्यांसाठी आराखडा सिद्ध केला. पुढे पंतप्रधान झालेले थाक्सिन शिनावात्रा यांनी तो निवडणुकीत उचलून धरला, आणि एप्रिल २००१ मध्ये सहा प्रांतांत प्रारंभ होऊन वर्षभरात तो देशभर पोहोचला. कायदा मात्र नोव्हेंबर २००२ मध्ये झाला. रुग्णाने खिडकीपाशी योजनेचे सोनेरी कार्ड दाखवावे, तीस बात (बात हे थाई चलन) भरावे आणि तपासणीस आत जावे, इतकाच काय तो सुरुवातीचा रिवाज होता. गरिबांस तेही माफ असत.

योजनेचे मर्म पैसा वाटण्याच्या रीतीत आहे. करांतून आलेली रक्कम रुग्णालयास, बिले पाहून नव्हे, तर त्याच्या दफ्तरी नोंदलेल्या माणसांच्या संख्येवरून मिळते. पहिल्या वर्षी हा दर दरडोई १,२०२ बात होता. अनावश्यक तपासण्या वाढवून लाभ होईनासा झाला. परंतु उपचारांत हात आखडण्याचा मोह त्यातूनच संभवतो, यास्तव आंतररुग्णांचा आणि काही महागड्या उपचारांचा हिशेब निराळा ठेवण्यात आला. मूत्रपिंड निकामी झालेल्यांस २००८ पर्यंत या योजनेत थारा नव्हता; त्या वर्षापासून पोटाच्या पोकळीत द्रव सोडून घरच्या घरी रक्तशुद्धी करण्याची पद्धत स्वीकारली गेली, आणि त्या द्रवाच्या पिशव्या रुग्णाच्या दारात पोहोचविण्याचे काम टपालखात्याने पत्करले.

सरकारी नोकर आणि खाजगी आस्थापनांतील पगारदार यांच्या योजना आजही स्वतंत्र आहेत, आणि सरकारी नोकरामागे होणारा दरडोई खर्च शेतकऱ्यामागे होणाऱ्या खर्चाच्या कितीतरी पट आहे. ही तफावत मिटेपर्यंत थायलंडचे कार्य अपुरेच मानले पाहिजे.