युरेनियमला बांधून ठेवणारे जीवाणू

१/८ अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या काठी रायफल नावाचे लहानसे गाव आहे. १९२४ साली तेथे खनिजातून व्हॅनेडियम काढणारा कारखाना उभा राहिला. पुढे अण्वस्त्रांचा काळ आला आणि तेथे युरेनियमही काढले जाऊ लागले. १९५८ मध्ये हा कारखाना बंद पडला. मागे राहिले ते धातू काढून उरलेल्या भुकटीचे ढीग.

२/८ १९७८ च्या कायद्याने अशा ढिगांची विल्हेवाट लावणे सरकारवर बंधनकारक झाले. १९९० च्या दशकात रायफलचे ढीग हलवले गेले. पण तोवर युरेनियम भूजलात झिरपले होते. ढीग उचलता येतात, भूजल कसे उचलणार?

३/८ उत्तराचा धागा दुसऱ्याच नदीत सापडला. १९८७ मध्ये डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी पोटोमॅक नदीच्या गाळातील एका जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात तो लोहाच्या ऑक्साइडवर श्वसन करीत होता, म्हणजेच अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन लोहाला देत होता. पुढे त्याचे नाव पडले जिओबॅक्टर मेटॅलिरिड्युसेन्स.

४/८ १९९१ मध्ये सिद्ध झाले की हा जीवाणू युरेनियमलाही इलेक्ट्रॉन देतो. पाण्यात विरघळलेल्या युरेनियमला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की ते अविद्राव्य होते आणि वाळूच्या कणांत अडकून बसते.

५/८ २००२ च्या उन्हाळ्यात रायफल येथे प्रत्यक्ष जमिनीत प्रयोग झाला. बाहेरून एकही जीवाणू आणला नाही. तेथे आधीपासून असलेल्यांना केवळ अन्न पुरवले: अ‍ॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लाचा क्षार.

६/८ जिओबॅक्टरची संख्या झपाट्याने वाढली. सुमारे ५० दिवसांत काही विहिरींतील युरेनियम ठरवून दिलेल्या मर्यादेखाली उतरले.

७/८ हे यश टिकले नाही. अ‍ॅसिटेट सोडले जात होते तेथील वापरण्याजोगे लोह संपत आले. मग सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंनी तो आहार बळकावला आणि पाण्यातील युरेनियम पुन्हा वाढू लागले.

८/८ सांडलेले तेल जीवाणू पचवू शकतात. धातू मात्र मूलद्रव्य असल्याने पचून नाहीसा होत नाही. जीवाणू त्याचे केवळ रूप पालटतात. ऑक्सिजनयुक्त पाणी पोहोचले, तर अडकलेले युरेनियम पुन्हा विरघळू शकते. म्हणून रायफलच्या प्रयोगाला ‘सफाई’ म्हणण्यापेक्षा ‘बंदोबस्त’ म्हणणे अधिक योग्य, आणि बंदोबस्त म्हटला की पहारा आलाच. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षे आहे.