लहान विमान उतरवताना: थ्रॉटल, वेग आणि मराठवाड्यातले ऊन

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना एकेक विमानतळ आहे. उत्तरेला तापीच्या खोऱ्यात जळगाव, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. दक्षिणेला पठारावर छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा, सुमारे ५८० मीटरवर. वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने निवडलेल्या पाच ठिकाणांत जळगाव होते. अशा संस्थांत शिकणाऱ्यांना सर्वांत जास्त घाम फोडते ते विमान उतरवणे.

गाडी चालवणाऱ्याला थ्रॉटल म्हणजे ॲक्सिलरेटर वाटतो. धावपट्टीकडे उतरणाऱ्या लहान विमानात मात्र बहुतेक प्रशिक्षक उलटे शिकवतात: वेग नाकाच्या कोनाने सांभाळायचा आणि खाली येण्याचा दर थ्रॉटलने. नाक किंचित खाली केले की वेग वाढतो, वर केले की घटतो. विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकेल असे दिसले तर थ्रॉटल थोडा पुढे करायचा. इथे नवशिक्याचा हात आपोआप नाक वर उचलतो, आणि धोका तिथेच असतो. वेग पडतो, पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान ‘स्टॉल’ होते. दोन-तीनशे फुटांवर, विशेषतः धावपट्टीकडे वळताना हे घडले, तर सावरायला उंचीच उरत नाही.

म्हणून ॲप्रोचचा वेग साधारणपणे स्टॉलच्या वेगाच्या १.३ पट ठेवतात. प्रशिक्षणात सर्रास दिसणाऱ्या सेसना १७२ साठी, फ्लॅप उतरवलेले असताना, तो ६० ते ७० नॉट असतो. ६५ नॉट म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर. भीतीपोटी जास्त वेग ठेवणेही महागात पडते. वेग १० टक्के वाढला तर थांबवायची ऊर्जा २१ टक्के वाढते, विमान धावपट्टीवर तरंगत राहते आणि जबरदस्तीने टेकवले तर उसळते.

आता उन्हाचा हिशेब. वेगमापक हवेच्या दाबावर चालतो. हवा विरळ झाली की काटा ६५ च दाखवतो, पण विमान प्रत्यक्षात जास्त वेगाने जात असते. चिकलठाण्याला हिवाळ्यातल्या सकाळी, १२ अंश तापमानात, वारा नसेल तर हा खरा वेग ६७ नॉटच्या आसपास असतो. मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांत तो ७० च्या वर जातो. त्याच दुपारी जळगावला तो एखाद-दीड नॉटनेच कमी भरेल. म्हणजे अजिंठ्याच्या चढापेक्षा ऊनच जास्त फरक पाडते. जमीन वेगाने सरकताना दिसली म्हणून नाक वर करून वेग घटवणे ही अशा दुपारची नेहमीची चूक. विश्वास काट्यावरच ठेवायचा, धावपट्टी मात्र जास्त लागेल असे धरून चालायचे.

विरळ हवेत साध्या पिस्टन इंजिनाची ताकदही घटते, अशा दुपारी साधारण १५ टक्क्यांनी. त्यामुळे उतरणे रद्द करून पुन्हा वर जायचे असेल तर निर्णय लवकर घ्यावा लागतो. पूर्ण थ्रॉटल दिला तरी विमान रेंगाळतच चढते.

सगळे जुळून आले तर चाके टेकण्याआधी थ्रॉटल सावकाश मागे घेतात. झटक्यात बंद केला तर पंख्याचा शेपटीवर येणारा झोत कमी होतो, नाक खाली पडते आणि नाजूक पुढचे चाक आधी आपटते.