प्लास्टिकचा तंतू ताण मोजू लागला

पुलाच्या पोटात किती ताण आहे, हे आज केसाएवढा प्रकाशतंतू सांगतो. पण ही विद्या कुणी ठरवून शोधली नाही. १९७८ साली कॅनडात, ओटावा इथे केनेथ हिल आणि सहकारी जर्मेनियम मिसळलेल्या काचेच्या तंतूत आर्गन लेसरचा प्रकाश सोडत होते. पाहतात तो, परत फिरणारा प्रकाश हळूहळू वाढतच चाललेला! प्रकाशानेच काचेत बारीक, समांतर पट्टे कायमचे उमटवले होते. हे पट्टे एका ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परतवतात. तंतू ताणला की पट्ट्यांमधलं अंतर वाढतं आणि ती तरंगलांबी सरकते. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये स्फटिकांसाठी मांडलेला नियमच इथे लागू पडतो, म्हणून नाव पडलं 'ब्रॅग ग्रेटिंग'.

पेच असा की तरंगलांबी उष्णतेनेही सरकते. पूल गाड्यांनी वाकला की उन्हाने तापला, हे एकट्या आकड्यावरून कसं ओळखायचं?

उत्तर सापडलं प्लास्टिकच्या तंतूत. ड्युपाँ कंपनीने १९६० च्या दशकात अ‍ॅक्रिलिक या प्लास्टिकचा तंतू आणला होता. तो प्रकाश इतका गिळतो की लांबच्या संदेशांसाठी कुचकामीच. ताण मोजायला मात्र काही सेंटिमीटर पुरतात. १९९९ मध्ये सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठात गँग-डिंग पेंग, पाक चू आणि सहकाऱ्यांनी या जातीच्या तंतूत ब्रॅग ग्रेटिंग उमटवलं. काचेपेक्षा हा तंतू वीसेक पट कमी ताठ, शिवाय कितीतरी जास्त ताणला जाणारा.

खरी गंमत उष्णतेची. तापल्यावर काचेच्या ग्रेटिंगची तरंगलांबी वाढते, अ‍ॅक्रिलिकची घटते, कारण त्याचा अपवर्तनांक झपाट्याने उतरतो. ताणाने मात्र दोन्ही एकाच दिशेला जातात. याच गटाने २००३ मध्ये काच आणि प्लास्टिक अशी दोन ग्रेटिंग एकत्र वापरून ताण आणि तापमान वेगळं काढून दाखवलं. माझ्या मते या कुळातली सर्वांत देखणी युक्ती हीच.

अ‍ॅक्रिलिकची खोड निराळी: ते हवेतला ओलावा पितं, फुगतं, आणि आकड्यात तिसरी भेसळ करतं. पावसाळी हवेत ही डोकेदुखीच. म्हणून डेन्मार्कच्या संशोधकांनी २०११ मध्ये 'टोपास' या जवळजवळ पाणी न पिणाऱ्या प्लास्टिकच्या तंतूत ग्रेटिंग करून पाहिलं. काहींनी मात्र अ‍ॅक्रिलिकची तीच खोड हेरून त्याला थेट आर्द्रता मोजण्याच्या कामाला जुंपलं.