तक्रार एकट्याची, बळ पंचायतीचे

ग्राहकांच्या हक्कांचा इतिहास आपल्याकडे बहुधा २४ डिसेंबर १९८६ पासून सांगितला जातो. त्या दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि म्हणून तो राष्ट्रीय ग्राहक दिन ठरला. ही सुरुवात सोयीची असली तरी तिच्यामुळे आधीच्या वीस वर्षांत मुंबई-पुण्यात झालेले काम झाकले जाते. माझ्या मते १९८६चा कायदा ज्या पायावर उभा राहिला तो पाया संघटित ग्राहकांनी घातला होता. त्या पायाचा विसर पडत गेला, तशी तक्रार निवारणाची यंत्रणाही दुबळी होत गेली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ग्राहकाला कायद्याचे संरक्षण त्याआधीही होतेच. होते खरे. १९३०च्या मालविक्री कायद्याने ‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ हे जुने तत्त्व मान्य केले, पण त्याला अपवादही जोडले. गिऱ्हाइकाने गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला असेल, तर माल त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येत होती. १९५४ पासून भेसळ प्रतिबंधक कायदा होता. १९६९च्या मक्तेदारी कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन अनुचित व्यापारी प्रथांनाही चाप लागला. प्रश्न हक्क वसूल कुठे करायचा हा होता. मालविक्री कायद्याची दाद दिवाणी न्यायालयात मागायची म्हणजे कोर्ट फी, वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. मक्तेदारी आयोग तर दिल्लीत. बिघडलेल्या पंख्यासाठी किंवा वजनात मारलेल्या डाळीसाठी एवढी पायपीट कोण करणार? शिवाय पारखून घेणे हे आधुनिक बाजारात एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलेच राहिले नव्हते. १९८६च्या जानेवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरिनमुळे १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत रुग्णालयाच्या खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची कीड उघड झाली. डॉक्टरांनी भरलेल्या रुग्णालयाला जे ओळखता आले नाही, ते खाटेवरच्या रुग्णाने कसे पारखायचे?

एकट्या ग्राहकाची ही असहायता मुंबईतल्या काही स्त्रियांनी फार आधी ओळखली होती. १९६६ साली नऊ जणींनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. वस्तू तपासून घ्यायच्या, निष्कर्ष छापायचे, तक्रारी विक्रेत्यापुढे नेऊन धसास लावायच्या, अशी तिची रीत होती. १९७२च्या दुष्काळाच्या आसपास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिला आघाडी रस्त्यावर उतरली आणि लाटणे मोर्चाने स्वयंपाकघरातली टंचाई थेट राजकारणाच्या दारात नेली. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या उभारणीत सुधीर फडके यांच्यासारखा लोकप्रिय संगीतकारही होता. पंचायतीची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याच्या जिनसांची मागणी एकत्र नोंदवायची, पैसे आधी भरायचे. पंचायतीने घाऊक खरेदी करून माल पाठवायचा आणि तो एका घरी उतरवून सभासदांनी आपसात वाटून घ्यायचा. दुकान नाही, पगारी विक्रेता नाही. काम वाटून घेतलेले, आणि ते बहुतांशी गृहिणींनी अंगावर घेतलेले.

हे तर मध्यमवर्गीयांनी स्वस्त किराण्यासाठी केलेले जुगाड, त्याला चळवळ का म्हणायचे, असे कोणी विचारील. या गटांत मध्यमवर्ग मोठ्या प्रमाणावर होता, हे मान्य करायला हवे; ज्याला महिन्याचे पैसे आगाऊ भरणे परवडत नव्हते तो बाहेर राहिला, आणि ही उणीव लहान नाही. पण किंमत हा या व्यवहाराचा एक भाग होता. महिन्यामागून महिना एकत्र खरेदी करणाऱ्या बाईला प्रत, वजन आणि घाऊक भाव यांचे ज्ञान होत जाते. माल खराब निघाला तर तिच्या मागे शेकडो घरे उभी असतात, म्हणून पुरवठादाराला तिचे ऐकावे लागते. ही सवय नसती तर कायदा आला तेव्हा तो वापरणारी माणसे कुठून आली असती?

आणि १९८६च्या कायद्याची रचना पाहिली की हा धागा स्पष्ट दिसतो. तक्रारी ऐकणाऱ्या जिल्हा ग्राहक मंचावर न्यायाधीश दर्जाच्या अध्यक्षासोबत दोन सदस्य, त्यांतली एक स्त्री असलीच पाहिजे. वकील सक्तीचा नाही, सुरुवातीला तक्रारीला शुल्कही नव्हते. ते २००२च्या दुरुस्तीने आले. निकालाची अपेक्षित मुदत साधारण तीन महिने. नोंदणीकृत ग्राहक संघटनेलाही तक्रार करता येईल अशी तरतूद होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये घरबांधणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणांना आणि १९९५ मध्ये पैसे घेऊन केलेल्या वैद्यकीय सेवेला या कायद्याच्या कक्षेत आणले. त्या काळी हे धाडसाचे होते.

आता दुसरा, अधिक वजनदार आक्षेप. २०१९च्या नव्या कायद्यानंतर १९१५ ही हेल्पलाइन आहे, तक्रार ऑनलाइन दाखल होते, राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मग संघटनेची गरज उरली कुठे? या सोयी खऱ्या आहेत आणि प्रत्येकाने त्या वापराव्यात. पावती जपून ठेवावी, विक्रेत्याला लेखी कळवावे, दोन वर्षांची मुदत चुकवू नये. पण दार उघडे असणे आणि आत कोणी बसलेले असणे या दोन गोष्टी आहेत. ग्राहक आयोगांतली (पूर्वीच्या मंचांतली) पदे इतकी रिकामी राहिली की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. समोरच्या कंपनीचा वकील तारखा मागत राहतो, आणि तीन महिन्यांचा वायदा वर्षांवर जातो. एकटा तक्रारदार रजा टाकून किती वेळा जाणार? रिकाम्या पदांबद्दल मंत्र्याला जाब विचारणे त्याच्या एकट्याच्या हातात नाही. ते काम गटच करू शकतो.

याचा चालता पुरावा महाराष्ट्रातच आहे. २०१८ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, घरखरेदीतल्या वादांसाठी सलोखा मंच सुरू केला, त्यात बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांच्या बरोबरीने मुंबई ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधी बसवले. घर घेणारा एकटा आला तरी टेबलाच्या त्याच्या बाजूला ग्राहक चळवळीत मुरलेला माणूस असतो. असे प्रतिनिधी विमा, रुग्णालये आणि ऑनलाइन विक्रीच्या तडजोडीतही असावेत, ही मागणी ग्राहक संघटनांनी सरकारपुढे लावून धरायला हवी, आणि ती लावून धरण्याइतके सभासद त्यांच्याकडे यायला हवेत.