विश्लेषण : समुद्रतळाखालचा ‘जळणारा बर्फ’ आवाजाने कसा शोधतात?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरात ज्या घरांत पाइपचा गॅस पोहोचला आहे, तिथे शेगडीत जळतो तो मुख्यतः मिथेन वायू. हाच मिथेन खोल समुद्राच्या तळाखाली बर्फासारख्या रूपातही असतो. ‘भारताकडे शेकडो वर्षे पुरेल इतका गॅस समुद्रात पडून आहे,’ असे संदेश समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात. त्यांत बहुतेकदा १,८९४ लाख कोटी घनमीटर हा आकडा असतो. पण हा वायू शोधतात कसा? आणि सर्वेक्षणात खूण दिसली म्हणजे तो तिथे असतोच का?

गॅस हायड्रेट म्हणजे काय?

पाण्याच्या रेणूंनी बनलेल्या पिंजऱ्यात वायूचे रेणू अडकले की बर्फासारखा घन पदार्थ तयार होतो. तोच गॅस हायड्रेट. काडी लावली तर तो पेटतो. एक घनमीटर हायड्रेट विरघळले की सुमारे १६४ घनमीटर मिथेन बाहेर पडतो.

त्यासाठी मोठा दाब, कमी तापमान आणि पुरेसा मिथेन या तिन्ही गोष्टी लागतात. समुद्रतळावर पाणी थंड असते, पण तळाखाली खोल जावे तसे तापमान वाढत जाते. त्यामुळे एका ठरावीक खोलीखाली हायड्रेट टिकत नाही. तिथे मिथेन असला तर तो मोकळ्या वायूच्या रूपात असतो.

सिस्मिक सर्वेक्षण कसे करतात?

जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या एअरगनमधून दाबाखालील हवा एकदम सोडली जाते. त्यातून निघालेल्या ध्वनिलहरी समुद्रतळावर आणि त्याखालच्या थरांवर आदळून परततात. जहाजामागच्या लांबलचक केबलमधील हायड्रोफोन त्या टिपतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. म्हणजे २,२५० मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी यायला तीन सेकंद लागतात. अशा असंख्य नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की तळाखालच्या थरांचे चित्र तयार होते.

‘बीएसआर’ कशाला म्हणतात?

हायड्रेट असलेल्या गाळातून आवाज जलद जातो. त्याच्या खाली मोकळा वायू असेल तर तिथे वेग एकदम घटतो. या सीमेवरून जोरदार प्रतिध्वनी येतो आणि चित्रात एक ठळक रेषा उमटते. तिला ‘बॉटम सिम्युलेटिंग रिफ्लेक्टर’, म्हणजे तळाची नक्कल करणारी रेषा म्हणतात.

तिच्या तीन खुणा असतात. ती समुद्रतळाला समांतर धावते, गाळाचे थर तिरके असतील तर त्यांना छेदून जाते, आणि तिच्या लहरीचे टोक समुद्रतळाच्या लहरीच्या उलट दिशेला असते. मात्र ही रेषा हायड्रेटच्या खालच्या सीमेची खूण आहे. वर हायड्रेट किती आहे, हे ती सांगत नाही.

कोकणाच्या समुद्रात काय घडले?

भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाची पहिली खोदमोहीम २८ एप्रिल २००६ रोजी मुंबईहून सुरू झाली आणि १९ ऑगस्टला चेन्नईत संपली. ‘जॉइडिस रिझोल्युशन’ या जहाजाने २१ ठिकाणी खोदकाम केले. पहिले ठिकाण अरबी समुद्रातील केरळ-कोकण खोऱ्यात होते. तिथल्या सिस्मिक चित्रात बीएसआरसारखी रेषा दिसली होती. खोदल्यावर चुनखडीयुक्त गाळ लागला, हायड्रेट मिळाले नाही. गाळाची घनता किंवा घडण बदलली तरी अशी रेषा उमटू शकते.

त्याच मोहिमेत बंगालच्या उपसागरातील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र चिकणमातीच्या भेगांमध्ये भरपूर हायड्रेट सापडले.

याच्या उलटही घडते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील ब्लेक रिज येथे १९९५ मध्ये एका ठिकाणी बीएसआर नसतानाही हायड्रेट मिळाले. खाली मोकळा वायू नसेल तर रेषा उमटतच नाही.

मग खात्री कशी करतात?

शेवटी खोदावेच लागते. विवरात उपकरणे सोडून आवाजाचा वेग आणि विद्युत रोध मोजतात. हायड्रेट विरघळताना उष्णता शोषते, म्हणून वर आणलेल्या गाळाच्या नमुन्यातील थंड पट्टे इन्फ्रारेड कॅमेऱ्याने शोधतात. काही नमुने मूळ दाबातच सीलबंद करून वर आणले जातात. २०१५ मध्ये ‘चिक्यू’ या जपानी जहाजावरून झालेल्या दुसऱ्या मोहिमेत वाळूच्या थरांतील हायड्रेटवर भर होता. वाळूतून वायू काढणे चिकणमातीपेक्षा सोपे मानले जाते. या विषयावर काम करणारे ओएनजीसीचे गॅस हायड्रेट संशोधन आणि तंत्रज्ञान केंद्र अंबरनाथ-बदलापूरपासून जवळच, पनवेलमध्ये आहे.

मग त्या आकड्याचे काय?

१,८९४ लाख कोटी घनमीटर हे अनुमान आहे, खोदून सिद्ध झालेला साठा नव्हे. त्यातला किती वायू बाहेर काढता येईल, हा वेगळाच प्रश्न आहे. जपानने २०१३ मध्ये आणि चीनने २०१७ मध्ये समुद्रातील हायड्रेटमधून वायू काढण्याच्या चाचण्या केल्या, पण व्यावसायिक उत्पादन अद्याप कुठेही सुरू झालेले नाही. त्यामुळे असा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी एवढे पाहावे : आकडा अंदाजाचा आहे, सिस्मिक चित्राचा आहे, की प्रत्यक्ष खोदकामाचा?