संशय सगळ्यांवर सारखा

राजगुरुनगरच्या आमच्या घरात रहस्यकथा दोन लिप्यांत यायच्या. अब्बांच्या ट्रंकेत इब्ने सफींची 'जासूसी दुनिया', माझ्या दप्तरात वाचनालयातलं बाबुराव अर्नाळकर. (अब्बा गावाला शेवटपर्यंत खेडच म्हणाले.) शाळेत दोघांनाही मान नव्हता. आठवीत एका सरांनी माझं पुस्तक जप्त केलं, तेव्हा शेवटची पंधरा पानं राहिली होती. खुनी कोण, या विचारात त्या रात्री झोप लागली नाही. धड्याच्या पुस्तकानं असं कधी जागवलं नव्हतं.

अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली. त्यांचा झुंजार, त्यांचा धनंजय घराघरांत माहीत होते. एक गंमत मला फार उशिरा कळली. त्यांच्या एका नायकाचं नाव काळापहाड. इतिहासातला कालापहाड म्हणजे बंगालच्या सुलेमान कर्रानीचा सरदार, 1568 च्या ओडिशा स्वारीमुळे बदनाम झालेला. ते नाव अर्नाळकरांनी नायकाला दिलं आणि मराठी पोरं त्याच्यावर फिदा झाली!

इब्ने सफी म्हणजे अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचे असरार अहमद. 'जासूसी दुनिया' 1952 च्या मार्चमध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, पण पुस्तकं अलाहाबादहून निघतच राहिली. हिंदी आवृत्तीत कर्नल फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. फरीदीचा सहायक हमीद मात्र हमीदच राहिला. 1960 नंतर आजारपणामुळे सफींचं लिखाण जवळजवळ तीन वर्षं बंद होतं. पुढचं पुस्तक येणार की नाही, हेच वाचकांसाठी रहस्य होऊन बसलं. अखेर 1963 मध्ये 'डेढ मतवाले' आलं. भारतात त्याचं प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं. जासूसी कादंबरीला असा मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

ही ओढ कशाची? नुसता धक्का हवा असता तर एक पान पुरलं असतं. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (1964) घ्या. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत गेलेली. मग दरोडेखोरांबरोबरची म्हणून पकडलेली, हुबेहूब तशीच दिसणारी बाई कोर्टात सांगते, मीच तुमची पत्नी. घरातल्या अशा गोष्टी बोलते, ज्या दुसऱ्या कुणाला माहीत असणं शक्य नाही. आपण एकदा त्याच्या बाजूला जातो, एकदा तिच्या. दोन वर्षांनी राज खोसलांनी 'मेरा साया' केला, तेव्हा मराठी प्रेक्षकाला उत्तर ठाऊक होतं, तरी तो गेलाच. ज्यांनी दोन्ही पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी उत्तर इथे सांगत नाही.

म्हणजे मजा उत्तरात कमी आणि मन डळमळण्यात जास्त. त्यासाठी लेखकाला एक पथ्य पाळावं लागतं : संशय सगळ्यांवर सारखा हवा. मालक, नोकर, डॉक्टर, पुतण्या, कुणालाही सूट नाही आणि कुणी आधीच दोषी नाही. खऱ्या आयुष्यात संशय आडनाव विचारून येतो, हे माझ्या वाचकांना वेगळं सांगायला नको. कथेत तसा आला की कथाच मरते. चाकणच्या कंपनीत जाणारा माझा एक जुना विद्यार्थी बसमध्ये मोबाइलवर मालिका बघतो. मी विचारलं, "कुणी केलं रे?" म्हणाला, "सर, पहिल्याच भागात कळलं. सुरमा घातलेला एकच होता."

गेल्या वर्षी नववीच्या उर्दूच्या तासाला मी सफींची एक कादंबरी रोज थोडी थोडी वाचली. शेवटच्या प्रकरणाआधी थांबलो आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायला सांगितलं. चोवीस चिठ्ठ्यांत सात वेगवेगळी नावं निघाली. एकानं लिहिलं होतं, "सर, तुम्ही."