संथ तबकडीवरचे बेट

संगणकीय खेळांचा इतिहास लिहिणारे १९९३ हे वर्ष बहुधा ‘डूम’च्या नावावर टाकतात. डिसेंबरात आलेल्या त्या खेळात खेळाडू बंदूक घेऊन बोळांतून धावत सुटतो, आणि पुढचे कितीतरी खेळ त्याच वाटेने धावले. पण त्याआधी, २४ सप्टेंबरला, ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी ‘मिस्ट’ नावाचा खेळ आला होता. त्यात बंदूक नाही, मरण नाही, घड्याळाचा धाक नाही. खेळाडू एका निर्जन बेटाच्या धक्क्यावर उभा असतो. शेजारी बुडालेले जहाज, वर टेकडीवर प्रचंड दातेरी चाके, झाडांपलीकडे एक ग्रंथालय. काय करायचे ते कोणीच सांगत नाही. या खेळाच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत घरगुती संगणकावर सर्वाधिक खपलेला खेळ तोच होता.

या शांततेचे श्रेय साधारणपणे रँड आणि रॉबिन या मिलर बंधूंच्या कल्पकतेला दिले जाते. ते योग्यच आहे. मला मात्र त्यात त्या काळच्या यंत्राच्या मंदपणाचाही मोठा वाटा दिसतो, आणि तो नीट मांडला गेलेला नाही असे वाटते.

सुरुवात एका न झालेल्या पुस्तकापासून झाली. १९८७ मध्ये ॲपलने ‘हायपरकार्ड’ ही प्रणाली आणली. पडद्यावर एक कार्ड, कार्डावर चित्र, चित्राच्या एखाद्या भागावर टिचकी मारली की दुसरे कार्ड; अशा कार्डांची चळत म्हणजे एक कृती. थोरल्या रँडने धाकट्या रॉबिनला सुचवले की यात मुलांसाठी गोष्टीचे पुस्तक करू. रॉबिनने पहिल्या पानावर रस्त्यावरच्या गटाराचे झाकण काढले. टिचकी मारताच ते सरकते आणि आतून एक वेल वर चढत जातो. आता पान उलटायचे, तर रॉबिनला वेलावरून वर जाऊन पाहावेसे वाटले, मग खाली उतरून. दुसरे पान आलेच नाही. १९८८ चा ‘द मॅनहोल’ असा घडला. पानाची जागा स्थळाने घेतली ती इथे, आणि ‘मिस्ट’ची सारी रचना या एका चित्रात बीजरूपाने आहे असे मी मानतो.

‘मिस्ट’ही हायपरकार्डवरच उभा राहिला. बेट आणि त्यावरून जिथे पोचता येते ती जगे मिळून सुमारे अडीच हजार स्थिरचित्रे. त्रिमिती आज्ञावलीत बेट आधी घडवायचे आणि मग प्रत्येक पावलागणिक त्याचे एकेक छायाचित्र घ्यावे तसे चित्र तयार करायचे, अशी ही रीत. अडचण सीडीची होती. पहिल्या पिढीचा सीडी-वाचक सेकंदाला १५० किलोबाइट एवढीच माहिती उचलत असे. मूळ चित्र सुमारे ५०० किलोबाइटचे. म्हणजे प्रत्येक पावलाला तीन सेकंदांहून जास्त थांबणे आले. मिलर मंडळींनी रंगांची संख्या घटवून, दाबून दाबून ते चित्र ८० किलोबाइटवर आणले. तेव्हा कुठे पाऊल अर्ध्या सेकंदावर आले. अशा यंत्रावर धावणे शक्यच नव्हते. मागून धावून येणारा राक्षसही परवडणारा नव्हता. हलणारी चित्रे लहान तुकड्यांत, क्वचित. मग बेटावर माणसे का नाहीत याला कथेत कारण शोधणे आले. माणसे निघून गेली आहेत आणि मागे त्यांची यंत्रे, चिठ्ठ्या, वह्या उरल्या आहेत: अडचणीचे कथानक झाले.

ध्वनीची कथाही अशीच घरगुती आहे. भट्टीतल्या खऱ्या जाळाचे ध्वनिमुद्रण जाळासारखे वाटेना, म्हणून खडीवरून हळू जाणाऱ्या मोटारीचा आवाज घेतला. घड्याळाच्या मनोऱ्याचे टोले म्हणजे खाली उतरवलेल्या सुरातला पान्ह्याचा आवाज. संगीत तर नकोच होते, त्याने भास मोडेल अशी भीती होती. करून पाहिल्यावर भास वाढला, आणि रॉबिनने स्वतःच ते रचले.

नाव आले जूल व्हर्नच्या ‘द मिस्टीरियस आयलंड’वरून. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न ज्यांच्या बालपणात आला त्या मराठी वाचकाला हे बेट तितकेसे परके वाटू नये. पण व्हर्नच्या बेटावर माणसे विज्ञानाच्या जोरावर वसाहत उभारतात. इथे खेळाडू दुसऱ्याच्या उद्ध्वस्त घरात फिरणारा वाचक आहे. ग्रंथालयातली बहुतेक पुस्तके जळालेली. उरलेल्या वह्यांतून ॲट्रस नावाच्या माणसाची हकिकत कळते. तो पुस्तके लिहितो आणि त्या पुस्तकांतून जगांत पोचता येते. एक लाल आणि एक निळे अशा दोन पुस्तकांत त्याचे दोन मुलगे कैद आहेत. फाटकी पाने आणून दिली की चेहरा थोडा स्पष्ट होतो, आणि प्रत्येक भाऊ दुसऱ्याला खुनी ठरवतो. (या भावांच्या भूमिका खुद्द मिलर बंधूंनीच केल्या, पैशांची बचत हे कारण असेल, पण पाहताना गंमत वाटते.) कोणाचे खरे? पुरावा म्हणजे त्यांच्या रिकाम्या खोल्या. तिथल्या वस्तू पाहून आपण ठरवायचे. शेवटचे पान कोणाही भावाला दिले तर तो सुटतो आणि त्याच्या जागी आपण अडकतो. खोक्यात खेळासोबत एक कोरी वही येत असे, टिपणांसाठी.

‘स्लाइड-शो’ म्हणून टीका झाली, ती तंत्रदृष्ट्या खरी होती. म्हणूनच २००० साली ‘रियलमिस्ट’ आला: तेच बेट, पण मोकळेपणाने हिंडता येईल असे, दिवस-रात्रीसह. मी दोन्ही रूपे शेजारीशेजारी ठेवून पाहिली. नव्यात बेट अधिक खरे आहे, पण मी त्यातून झरझर चालत गेलो. जुन्यात प्रत्येक चित्र कोणीतरी चौकट ठरवून आपल्यापुढे ठेवलेले असते, आणि ते उघडेपर्यंतच्या अर्ध्या सेकंदात डोळा मागच्याच चित्रावर रेंगाळतो. तरफ दिसते ती तिथे.

पुढच्या आवृत्त्यांनी याच मोकळ्या बेटाला आणखी उजळ केले आणि आज नवा खेळाडू बहुतेक तेच पाहतो. ॲपलने हायपरकार्डची विक्री २००४ मध्ये थांबवली. १९९३ ची मूळ चळत पाहायची तर जुना मॅकिंटॉश, किंवा त्याची नक्कल करणारी आज्ञावली, जुळवावी लागते. अशी नक्कल आजच्या संगणकावर चित्रे तत्काळ दाखवते. संथ सीडी-वाचकाचा तो अर्धा सेकंद मुद्दाम परत घालावा लागतो.